मनूस पत्र : अर्धवट वाढलेला दात

बीड

चि. मनू,


तू पाठवलेले दोन्ही एक्स-रे पाहिले. तुझ्याकडे आलेल्या मुलाच्या वरच्या पुढच्या दाताला आठव्या वर्षी पडून मार बसला, नस मेली आणि मुळाची वाढ तिथंच थांबली. पुढे रिव्हॅस्क्युलरायझेशन झालं. मुळाच्या टोकाकडून रक्त आणून आत गुठळी धरू दिली, वर एमटीए हे सिमेंट बसवलं. आता दोन वर्षांनी हिरडीवर पुळी आलीय. पुन्हा तेच करून पाहावं का, असं तू विचारतेस. या मुलाच्या बाबतीत माझं उत्तर नाही असं आहे.

आधी दोन्ही एक्स-रे शेजारी ठेव. जुन्यात मुळाचं टोक तुतारीच्या तोंडासारखं उघडं आहे; नव्यात ते आवळलंय आणि भिंतीही थोड्या जाड झाल्यात. म्हणजे पहिला उपचार पुरता वाया गेलेला नाही. मूळ सावरलं, जंतू मात्र राहिले. भिंती पातळ म्हणून आत फार घासता येत नाही, त्यामुळे असं होतं. आईवडिलांना हे आधी सांग; पैसे बुडाले, पोराचं नशीबच खोटं, असं म्हणत ते तुझ्यासमोर बसतील. २००४ साली बँक्स आणि ट्रोप यांचा लेख आल्यावर आत खरी नस उगवेल अशी आशा सगळ्यांनाच वाटली होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आत सिमेंटमसारखं किंवा हाडासारखं काही तयार होतं. त्यात जंतू शिरले की ते काढावंच लागतं. भूल मात्र नीट दे. नस मेलेली म्हणून दुखणार नाही असं समजू नकोस.

दात उघडण्याआधी वरचं फिलिंग कुठं गळतंय का ते बघ आणि भोवती प्रोब फिरव. एकाच जागी तो खोल गेला तर उभ्या चिरेची शंका धर. चीर निघाली तर पुढची मेहनत व्यर्थ.

घट्ट झालेलं एमटीए काढताना तुझी खरी परीक्षा आहे. भिंगाखाली, अल्ट्रासोनिक टिपनं, थांबत थांबत काढ. ड्रिल चालवलंस तर मानेजवळची भिंत जाईल, आणि हे दात मोडतात ते बहुधा मानेपाशीच. रबर डॅम हवाच. हायपोक्लोराइट सौम्य घे, सुई बाजूला भोक असलेली, टोकाच्या बरीच अलीकडे, आणि दाब अजिबात नको. ते टोकाबाहेर गेलं तर पोराचा चेहरा सुजेल, भयंकर दुखेल. कॅल्शियम हायड्रॉक्साइड दोन ते चार आठवडे, त्याहून जास्त नाही. कोपनहेगनच्या अँड्रियासन यांनी २००२ मध्ये मेंढ्यांच्या दातांवर दाखवलं, की ते दीर्घकाळ आत राहिलं तर वर्षभरात दाताची ताकद निम्म्यावर येते. मग टोक उघडं असेल तर ४ ते ५ मिलिमीटर एमटीएचा प्लग, वर गुटापर्चा आणि मानेच्या खालपर्यंत काँपोझिट. टोक बंद झालं असेल तर नेहमीचं रूट कॅनाल.

आता माझं 'नाही' कशासाठी, ते सांगते. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीला गाव सुटलं की मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडावर. पुन्हा गुठळी धरवलीस तर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल, आणि डिसेंबरात दात सुजला तर तो पोर कोणाकडे जाईल? म्हणून कोयता निघायच्या आत पक्कं काम संपव. तपासणीच्या तारखा पावसाळ्यातल्या दे. पोरगं आजीकडे राहणार असेल तर तिलाही समोर बसवून समजाव, कारण पुळी पहिल्यांदा तिलाच दिसेल. एक्स-रेचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठव, म्हणजे सांगलीत किंवा कर्नाटकात कुणाला दाखवायची वेळ आली तर हातात काहीतरी असेल.

काढून टाका, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. अकराव्या वर्षी इम्प्लांट बसवता येत नाही; जबड्याची वाढ पुरी व्हावी लागते. तोवर हा दात टिकला तर तिथलं हाडही टिकेल, आणि दहावीच्या फोटोत पोरगं तोंड मिटून उभं राहणार नाही.

तुझ्याकडे मायक्रोस्कोप नाही, ते मला ठाऊक आहे. लूप्सवर एमटीए निघेना तर तिथंच थांब, तात्पुरतं फिलिंग कर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठव. चिठ्ठीत आधी काय झालं ते सविस्तर लिही आणि दोन्ही एक्स-रे जोड. बसभाड्याची अडचण असेल तर मला कळव.

तुझी,
आत्या