खतावणी आणि कर-अहवाल : संस्थेच्या संगणकीय हिशेबाची पडताळणी

गावातील सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी खते, बियाणे व औषधे विकू लागली की तिच्या दप्तरात दोन हिशेब एकाच वेळी चालू होतात. एक संस्थेचा स्वतःचा आणि दुसरा सरकारी कराचा. पूर्वी हे दोन्ही हिशेब चिटणीस हाताने लिहीत असत. आता टॅलीसारख्या संगणकीय प्रणालीत बिल एकदा नोंदविले की दोन्हीकडचे आकडे आपोआप तयार होतात. या सोयीमुळे एक गैरसमज मात्र बळावला आहे. यंत्राने काढलेला आकडा बरोबरच असणार, असे संचालक मंडळास वाटते. यंत्र बेरीज चुकत नाही हे खरे. परंतु नोंद करणाऱ्याने खताच्या खान्यात औषध घातले असेल, तर यंत्र त्या चुकीचीही बिनचूक बेरीज करून देते.

मुंबई राज्यात विक्रीकर प्रथम १९४६ च्या कायद्याने आला व पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर अधिनियम लागू झाला. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, सुरू झाला. गावात अजून 'विक्रीकर' हाच शब्द तोंडी आहे व त्याने काही बिघडत नाही. डिझेल व पेट्रोल मात्र जीएसटीच्या बाहेर आहेत. संस्थेच्या टेंपोसाठी पंपावर दिलेल्या पैशातील कर म्हणूनच वजावटीस मिळत नाही.

शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत पिकविलेला माल विकला तर त्या विक्रीसाठी त्यास जीएसटी नोंदणी लागत नाही. संस्थेचे तसे नाही. केवळ मालाची विक्री करणाऱ्या संस्थेची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी आवश्यक होते. खतांच्या दुकानास ही मर्यादा ओलांडावयास एक खरीप हंगामही पुरतो.

खतावणी कशी वाचावी

जुन्या पद्धतीत रोजकिर्दीवरून खतावणी व खतावणीवरून तेरीज तयार होत असे. संगणकातही क्रम तोच आहे. मधले श्रम तेवढे वाचले आहेत. एका सभासदास १०,००० रुपयांचे खत उधार दिले, असे समजू. खतावर ५ टक्के कर आहे. बिल १०,५०० रुपयांचे होईल. सभासदाच्या खात्यात १०,५०० रुपये नावे पडतील. खत विक्री खात्यात १०,००० रुपये, केंद्रीय कर खात्यात २५० रुपये व राज्य कर खात्यात २५० रुपये जमा होतील.

यातील शेवटचे ५०० रुपये संस्थेचे उत्पन्न नव्हे. ते सरकारचे पैसे असून काही दिवस संस्थेकडे ठेव म्हणून राहतात. म्हणून कर खाती ताळेबंदात देण्याच्या बाजूस असावी लागतात. कित्येक संस्थांत कराचे चलन भरले की ती रक्कम 'कर खर्च' म्हणून नफा-तोटा पत्रकात टाकली जाते. त्यामुळे एकीकडे नफा विनाकारण कमी दिसतो, तर दुसरीकडे कर खात्यात भरलेला कर देणे म्हणून वर्षानुवर्षे साचत राहतो. सभासदांचा लाभांश नफ्यावर ठरतो, हे लक्षात घेता ही चूक क्षुल्लक नाही. ती शोधणे सोपे आहे. तिमाही विवरण व भरणा पूर्ण झाल्यावर त्या तिमाहीची कर खाती उघडून पाहावीत. वजावट व भरणा यांच्या नोंदी झाल्यानंतर देण्याची बाकी शून्य आलीच पाहिजे.

बेरीज जुळते, तरी हिशेब चुकतो

विक्रीची खतावणी आणि कर-अहवाल एकाच बिलांवरून निघतात, परंतु त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. खतावणी 'कोणत्या खात्यात नोंद झाली' हे पाहते. कर-अहवाल 'त्या वस्तूस कोणता दर लावून ठेवला आहे' हे पाहतो. वाटा निराळ्या असल्यामुळेच दोहोंची तुलना करण्यात अर्थ आहे.

एका काल्पनिक संस्थेचे जून महिन्याचे आकडे घेऊ. खतावणीप्रमाणे खत विक्री ४,००,००० रुपये, कीटकनाशक व बुरशीनाशक विक्री १,००,००० रुपये आणि बियाणे विक्री २,००,००० रुपये आहे. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही. रासायनिक कीडनाशकांवर १८ टक्के कर आहे. म्हणजे केंद्रीय कर खतावर १०,००० व औषधांवर ९,००० मिळून १९,००० रुपये असावयास हवा, आणि राज्य करही तितकाच.

कर-अहवालात करपात्र विक्री ५,००,००० रुपये दिसते. खतावणीतील खत व औषधे यांची बेरीजही ५,००,००० रुपयेच आहे. येथेच बहुतेक जण अहवाल मिटवून समाधान मानतात. पण कराच्या रकमेकडे पाहिले, तर केंद्रीय कर १६,४०० रुपयेच भरतो. दरवार फोड पाहिली असता ५ टक्क्यांखाली ४,४०,००० व १८ टक्क्यांखाली ६०,००० रुपये आढळतात. उलगडा असा की, हंगामाच्या तोंडावर आलेल्या एका नव्या बुरशीनाशकाचा संगणकात माल म्हणून प्रवेश करताना ते खतांच्या गटात घातले गेले. ४०,००० रुपयांच्या औषधावर १८ ऐवजी ५ टक्के कर लागला. केंद्रीय करात २,६०० व राज्य करात २,६०० असे एकूण ५,२०० रुपये कमी आकारले गेले. सभासदांकडून ते आता मागून घेणे अवघड असते. त्यामुळे हा फरक व त्यावरील व्याज संस्थेच्या नफ्यातून जाते.

यासाठी पडताळणी एकूण बेरजेवर न थांबता दरवार करावी. पडद्यावरील कोणत्याही रकमेवर जाऊन एंटर कळ दाबली की तिच्या पोटातील बिले उघडतात. त्यामुळे चुकीचे बिल सापडण्यास फार वेळ लागत नाही. नवा माल नोंदविला त्याच दिवशी एक नमुना बिल छापून दर तपासला तर एवढाही त्रास पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, तेव्हा हे विशेष जाणवले. ठिबक व तुषार संच, ट्रॅक्टर आणि जैविक कीडनाशके १२ वरून ५ टक्क्यांवर आली, पण रासायनिक कीडनाशके १८ टक्क्यांवरच राहिली. 'औषधे' असा एकच गट ठेवलेल्या दुकानात अशा वेळी घोटाळा होण्यास जागा राहते.

डाळ किंवा पीठ विकणाऱ्या उत्पादक कंपन्यांनीही गट वेगळे ठेवावेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावून आधीच बंद केलेल्या पिशवीवर ५ टक्के कर आहे, सुट्या मालावर नाही.

खरेदीवरील कराची वजावट

संस्थेने खरेदीवर दिलेला कर तिच्या देय करातून वजा होतो. मात्र १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखविले असेल व ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२ब या पत्रकात उतरले असेल, तरच वजावट घेता येते. हे पत्रक संकेतस्थळावर पुढील महिन्याच्या १४ तारखेस तयार होते.

आपल्या संस्थेने जूनमध्ये ५,००,००० रुपयांची खते राज्यातून घेतली. खतावणीत केंद्रीय कराची वजावट १२,५०० रुपये दिसते, पण २ब मध्ये १०,००० रुपयेच आहेत. म्हणजे १,००,००० रुपयांचे एखादे बिल वितरकाने दाखविलेले नाही. त्यास लगेच कळवावे. ते बिल २ब मध्ये येईपर्यंत ही वजावट बाजूस ठेवावी. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतही ते आले नाही, तर सामान्यतः हक्क बुडतो. उलट, २ब मध्ये बिल आहे पण खतावणीत नाही, असेही होते. एक तर ते बिल टेबलाच्या खणात पडलेले असते, किंवा माल आलेलाच नसतो. दुसऱ्या प्रकारात वजावट घेऊ नये.

गुजरातेतून आलेल्या औषधांच्या बिलावर एकात्मिक कर असतो. पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २४ म्हणजे गुजरात, २७ म्हणजे महाराष्ट्र. हे अंक पाहूनच नोंद करावी. वजावटीत एकात्मिक कर प्रथम वापरावा लागतो. केंद्रीय कराची शिल्लक राज्य करासाठी चालत नाही.

आणखी दोन गोष्टी खतावणीखेरीज कळत नाहीत. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादारास पैसे दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. उधारीवर चालणाऱ्या दुकानाने पुरवठादारांच्या खात्यांची बिलवार बाकी म्हणूनच दरमहा पाहावी. दुसरी गोष्ट बियाण्याची. बियाणे करमुक्त असल्याने सामाईक खर्चावरील कराचा तेवढा भाग वजावटीस मिळत नाही. आपल्या उदाहरणात लेखापरीक्षणाच्या १०,००० रुपये शुल्कावर १,८०० रुपये कर दिला असेल, तर एकूण सात लाखांपैकी दोन लाख बियाण्याचे, म्हणून सुमारे ५१४ रुपये सोडून द्यावे लागतात.

तारखा व दप्तर

दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी विक्रीचे विवरण, जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेस व कराचे विवरण, जीएसटीआर-३ब, २० तारखेस द्यावयाचे असते. ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या संस्थेस तिमाही पद्धत निवडता येते. त्यात महाराष्ट्रासाठी तिमाहीनंतरच्या १३ व २२ तारखा आहेत, आणि पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क पडते. विवरण निरंक असल्यास ते २० रुपये आहे. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागते. पेरणीच्या गर्दीत नेमक्या याच तारखा हुकतात.

विवरण भरल्यावर मागील तारखेची नोंद कोणी बदलली, तर खतावणी बदलते, पण भरलेले विवरण तसेच राहते. म्हणून ज्या दिवशी विवरण भरले त्याच दिवशी खतावणी व दरवार कर-अहवाल छापून चिटणीस व एका संचालकाने त्यावर सही करावी आणि तो कालावधी प्रणालीत बंद करावा. कंपनी म्हणून नोंदलेल्या उत्पादक संस्थांस १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारीच प्रणाली वापरावी लागते. सहकारी संस्थेनेही तशीच प्रणाली घेतलेली बरी. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. त्याची एक प्रत संगणकाबाहेर, दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने संस्थेस भेट देताना खतांची आणखी एक तपासणी करावी. ई-पॉस यंत्रावरील शिल्लक, संगणकातील साठा आणि गोदामातील पोती हे तिन्ही आकडे एकाच दिवशी मोजून घ्यावेत. यंत्रावर विक्री झाली व बिल मात्र झाले नाही, असे आढळल्यास ती विक्री खतावणीत नाही आणि कर-अहवालातही नाही. ही उणीव त्या दोहोंच्या तुलनेतून कधीच बाहेर येणार नाही. ती पोती मोजूनच कळते.