दाखला काढण्याआधी

आई-बाबांनो,

जून जवळ आला की आपल्याकडच्या कॉलेजच्या ऑफिससमोर दोन रांगा लागतात. एक नव्या प्रवेशाची आणि दुसरी दाखला काढून नेणाऱ्यांची. पाऊसपाणी बरं झालं त्या वर्षी दुसरी रांग लहान असते. दुष्काळ पडला किंवा पूर आला की ती लांबते. त्या रांगेतल्या बापांशी मी पुष्कळ वर्षं बोलत आलो आहे. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांचा निर्णय झालेला असतो, आणि तेव्हा कुणी काही सांगितलं तर ते जखमेवर बोट ठेवल्यासारखं होतं. म्हणून आत्ताच, तुम्ही घरात विचार करत असतानाच बोलावं असं वाटलं.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या काठावर आणि आसपास पुरानं जे झालं ते सांगायची गरज नाही. माढा, मोहोळ, करमाळा, परंडा, भूम, इथल्या घरांनी ते पाहिलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडलं, दावणीची जनावरं गेली, आणि कित्येकांची तर मातीच वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. पीक बुडालं तर एक हंगाम जातो. रान खरवडून गेलं तर किती वर्षं जातात, ते शेतकऱ्याला विचारावं. अशा वेळी घरात हिशेब मांडला जातो. बियाणं-खताच्या दुकानदाराचं देणं थांबत नाही, बँकेचं थांबत नाही, बचत गटाचा हप्ता थांबत नाही, दवाखाना थांबत नाही. कुणाचं देणं न बुडवता थांबवता येईल असा एकच खर्च उरतो, पोराच्या किंवा पोरीच्या कॉलेजचा. म्हणून तो आधी थांबतो. शिक्षणाची किंमत तुम्हाला कळत नाही म्हणून थांबतो असं मी कधीच म्हणणार नाही. तेवढीच एक गोष्ट तुमच्या हातात राहिलेली असते, हे मला दिसतं.

पण "एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य मुलाच्या आणि मुलीच्या बाबतीत सारखं चालत नाही. मुलगा एक वर्ष थांबतो तेव्हा तो पुण्याला चाकणकडे एखाद्या कारखान्यात कंत्राटावर लागतो. बारा-पंधरा हजार हातात येऊ लागले की घरालाही त्याची सवय होते आणि त्यालाही. तरी त्याला परतीची वाट थोडीफार शिल्लक असते. मुलगी एक वर्ष थांबते तेव्हा तुळशीच्या लग्नानंतर स्थळं येऊ लागतात. वाईट साल आहे, थोडक्यात उरकून घेऊ, असं नातेवाईकच सुचवतात. मी पाहिलेल्या थांबलेल्या मुलींपैकी वर्गात परत आलेल्या फार थोड्या. मुलीच्या आईला माझं एवढंच सांगणं आहे की या वेळी गप्प राहू नका. त्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नसेल.

आता पैशाचं बोलू, कारण खरा प्रश्न तोच आहे. आपत्ती जाहीर झाली की सरकार परीक्षा शुल्क माफ करतं. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हाच्या सवलतींतही ही माफी होती, २०२५ च्या पुरानंतरच्या ३१,६२८ कोटींच्या मदतीच्या घोषणेतही होती. ती जरूर घ्या. मात्र परीक्षा शुल्क हा मुलाच्या वर्षाच्या खर्चाचा अगदी छोटा तुकडा असतो. मेसचे महिन्याला अडीच-तीन हजार, खोलीचं भाडं, येण्याजाण्याचं तिकीट, यांना ती माफी लागू होत नाही. "फी माफ झाली ना, मग आता काय?" असं मुलाला विचारण्याआधी हा फरक ध्यानात घ्या. तो पुण्यात संध्याकाळचं जेवण चुकवतो आणि फोनवर "जेवलो" म्हणून सांगतो, हे मी मुलांच्याच तोंडून ऐकलं आहे.

ही गरज भागवणाऱ्या योजना आहेत, पण त्या आपणहून दारात येत नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायचा. पैसे उशिरा येतात, हे खरं आहे. कॉलेजला तोवर थांबायला सांगावं लागतं, आणि ते मुलानं एकट्यानं सांगितलं तर ऑफिसातले ऐकत नाहीत. बाप सोबत असला तर ऐकतात. हे असं असू नये, पण आहे.

आणि काहीही करून यंदा जमणारच नसेल, तर निदान नाव रीतसर थांबवा. पोरगं नुसतंच जायचं बंद झालं, हजेरी गेली, परीक्षेचा अर्ज राहिला, की पुढे सगळं अवघड होऊन बसतं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. परत येण्याचं दार उघडं ठेवूनच बाहेर पडायचं.

आता थोडं लांबचं सांगतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचं शहर आहे. २९ ऑगस्ट २००५ ला तिथे कतरिना चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. कॉलेजचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे साध्या, नोकरी करून शिकणाऱ्या घरांतली मुलं जिथे जातात त्या सरकारी विद्यापीठात, तेव्हा १७ हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. ऑक्टोबरातच विद्यापीठानं ऑनलाइन वर्ग सुरू केले. शिक्षकांनी जिद्द दाखवली. तरी पुढच्या वर्षी पट बारा हजारांच्याही खाली आला. मुलं कमी म्हणून फी कमी, फी कमी म्हणून विषय कमी, त्यात २००८ नंतर राज्य सरकारनं अनुदान कापायला सुरुवात केली. २०१० च्या सप्टेंबरात तिथली मुलं कपातीविरुद्ध रस्त्यावर उतरली, पोलिसांशी झटापट झाली, काहींना अटक झाली. आज, वीस वर्षांनंतर, तिथे सहा हजारांच्या आसपास विद्यार्थी उरले आहेत. पाणी काही आठवड्यांत ओसरलं होतं, पट मात्र वीस वर्षं ओसरत राहिला.

दुसरं शहर न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी पाऊणच्या सुमारास तिथे भूकंप झाला, १८५ माणसं गेली. त्यांतली ११५ एकाच इमारतीत होती, आणि त्या इमारतीत परदेशी मुलांची इंग्रजी शिकवणारी शाळा होती. त्यानंतर दूरदेशीच्या आईवडिलांनी मुलांना तिथे पाठवणं थांबवलं, यात त्यांना कोण दोष देईल? कँटरबरी विद्यापीठाचा पट दोन-तीन वर्षांत हजारोंनी घसरला. पार्किंगच्या जागेत तंबू ठोकून वर्ग भरले. २०१२ मध्ये नाट्य-चित्रपट आणि अमेरिकन अभ्यास हे विभाग बंद करायचं ठरलं तेव्हा मुलं संतापली, त्यांनी निदर्शनं केली. म्हणजे तिथेही आधी तेच घडलं. पण पुढे तिथला पट सावरला. ही वाट वेगळी का झाली? एक कारण पैसा. २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारनं विद्यापीठाला २६ कोटी न्यूझीलंड डॉलरपर्यंत मदत देऊ केली. दुसरं कारण मला त्याहून मोलाचं वाटतं. २०१० च्या सप्टेंबरात आधीचा भूकंप झाला तेव्हा सॅम जॉन्सन या विद्यार्थ्यानं फेसबुकवरून मुलांना हाक दिली आणि हजारो विद्यार्थी फावडी घेऊन लोकांच्या अंगणातला, जमिनीतून उसळून आलेला गाळ उपसायला गेले. २०११ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा गेले. विद्यापीठानं त्याच वर्षी शहराच्या पुनर्बांधणीवर एक अभ्यासक्रमच काढला आणि मुलांच्या या कामाला अभ्यासात जागा दिली. हे शहर आपलं आहे, असं वाटणारी पिढी तिथे तयार झाली. दशकभरात पट भूकंपाआधीच्या आकड्याच्या वर गेला.

हे तुम्हाला का सांगतो? आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही तेच चक्र फिरतं. एखाद्या विषयाला पुरेशी मुलं नसली की प्राध्यापकाचा कार्यभार कमी होतो, रिकामी जागा भरली जात नाही, तासिकेवर माणूस नेमतात, मग भूगोल किंवा भौतिकशास्त्र बंदच होतं. एकदा बंद झालेला विषय पुन्हा सुरू झालेला मी फार क्वचित पाहिला. मग गावातल्या पुढच्या मुलीला तो विषय शिकायचा तर लातूर किंवा सोलापूर गाठावं लागतं, आणि तिला पाठवत नाहीत. तुमच्या घरातला दाखला तुमच्याच घरापुरता नसतो.

मुलांचं शिक्षण थांबू न देण्याच्या बाबतीत किल्लारीची माणसं आपल्या पुढची आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांचं सगळं गेलं. त्यानंतर भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतली सुमारे १,२०० मुलं शिकायला पुण्यात आणली, त्यांची सोय नंतर वाघोलीत झाली. विचार करा, ज्या आयांनी घरातली माणसं ढिगाऱ्याखालून काढली होती, त्यांनी उरलेलं लेकरू शिकण्यासाठी लांब पाठवलं. छातीशी धरून ठेवावं असं त्यांना वाटलं नसेल का? तरी पाठवलं.

शेवटी मुलांच्या रागाबद्दल. हा विषय निघाला की तुमचा चेहरा पडतो. पोरगा विद्यापीठाच्या गेटवर घोषणा देतोय, असा व्हिडिओ कुणीतरी गावातल्या ग्रुपवर टाकतो आणि तुम्ही त्याला फोन करून म्हणता, "तुला शिकायला पाठवलंय का मोर्चे काढायला?" भीती मला कळते. पोलिसात नाव गेलं तर नोकरी जाईल, ही भीती. पण तो कशासाठी उभा आहे ते एकदा विचारा. बहुतेक वेळा ते मेसचं बिल असतं, थकलेल्या फीसाठी अडवलेलं हॉल तिकीट असतं, किंवा गावाकडे पूर असताना अनुपस्थितीत धरलेले दिवस असतात. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली होती, तेव्हा अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात डिसेंबर १९७३ मध्ये मेसच्या बिलात २० टक्के वाढ झाली आणि तिथून सुरू झालेलं नवनिर्माण आंदोलन दोन महिन्यांत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या राजीनाम्यापर्यंत पोचलं. त्यात जाळपोळ झाली, माणसं मेली, ते कुणालाही नको आहे. सुरुवात मात्र भुकेच्या साध्या तक्रारीनं झाली होती, आणि ती तक्रार खरी होती. याउलट २०२५ च्या सप्टेंबरात पूरग्रस्त भागातली मुलं केंद्रापर्यंत पोचणार कशी, म्हणून परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी झाली आणि एमपीएससीनं २८ सप्टेंबरची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरला ढकलली. वेळेवर ऐकलं तर निभावतं.

मूल जेव्हा कॉलेजवर चिडतं तेव्हा ते कॉलेजला आपलं मानत असतं. मला काळजी चिडलेल्या मुलांची नाही. जी मुलं काही न बोलता, कुणाकडे तक्रार न करता येणं बंद करतात, त्यांची आहे. त्यांना शोधायला कॉलेजातून कुणी येत नाही. यावं, असं मी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. पण ते होईपर्यंत ते काम तुम्हालाच करायचं आहे.

तेव्हा या जूनमध्ये दाखल्याच्या रांगेत उभं राहण्याआधी एक दिवस काढा. मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या, गावातली आणखी दोन-चार घरं सोबत घ्या, आणि प्राचार्यांना जाऊन भेटा. फीचे हप्ते पाडून मागा, हॉल तिकीट अडवणार नाही असं लेखी मागा, महाडीबीटीचे राहिलेले अर्ज कॉलेजातल्या माणसाकडून भरून घ्या. मुलाला जे बोलायचं आहे ते तुमच्यासमोर बोलू द्या, मध्ये तोडू नका. आणि घरी परतल्यावर मुलीच्या लग्नाचा विषय कुणी काढला, तर तो तिची पदवी होईपर्यंत बाजूला ठेवा.