संवादापाशी नाव नाही

॥ श्री ॥

घडियाळी पोळ, वडोदरा
गुरुवार

चि. चिमणीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. समोरच्या काकूंचा धाकटा घोडबंदरला एका सेटवर कॅमेऱ्याचं काम बघतो, तुला माहीत आहे. परवा तो आला होता. ओटल्यावर बसून सहज बोलून गेला, की तू मेकअप रूममध्ये सीन लिहिता लिहिता चक्कर येऊन पडलीस, सलाईन लावून घेतलंस आणि दोन तासांनी परत लिहायला बसलीस. तयार भागांची बँक संपली होती म्हणे. खरं का हे? माझ्या हातातला चहा तसाच निवून गेला.

दुसरी गोष्ट. तुझी मालिका संपली की सगळे उठतात, मी नावं बघायला बसते. ती इतकी भराभर पळतात की चष्मा पुसून तयार राहावं लागतं. गेला पंधरवडा ‘संवाद’पाशी तुझं नाव नाही. संवाद तर तुझेच आहेत. ‘जिना उतरलीस की दिवा मालव, वरचं माणूस जागं राहतं’ हे आपल्या घराबाहेर कोण म्हणतं? मग नाव कुठे गेलं?

राग आला आहे मला. दादा असता तर पहिल्या गाडीनं मुंबईला येऊन बसला असता. आज गुरुवार, तुमचे टीआरपीचे आकडे आले असतील. आकडा घसरला की चॅनेलवाले कथेचा ट्रॅक फिरवतात आणि रातोरात पाच सीन नवे लागतात, हे तूच मला समजावून सांगितलंस. तेव्हा हसत होतीस. हसण्यासारखं त्यात काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

नावावरून आठवलं. आपले अण्णा ज्या बडोदा कॉलेजात शिकले तिथेच चिं. वि. जोशी पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दप्तरखान्यात गेले. दिवसा नोकरी, आणि उरल्या वेळात चिमणराव. १९६३ साली ते वारले. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी चिमणराव दूरदर्शनवर आला. बडोद्यात मुंबई केंद्र दिसत नसे, मी सुट्टीत दादरला मावशीकडे पाहिला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. अख्ख्या चाळीची माणसं त्या एका खोलीत. मी मात्र मनात एकच म्हणत होते, हे आमच्या गावात लिहिलेलं आहे, आणि लिहिणारा जाऊनही सगळ्यांना त्याचं नाव ठाऊक आहे.

तू म्हणशील, त्यांना कुठे रोज भाग द्यायचा होता? कबूल. मग मनोहर श्याम जोशींचं घे. वसंतराव साठे मंत्री असताना मेक्सिकोतल्या मालिका बघून आले, त्यातून १९८४ साली ‘हम लोग’ निघालं. जोशींनी दीडशेच्या वर भाग लिहिले, पण सतरा महिन्यांत. तुझे आठ महिन्यांत २०० झाले. मी वहीत मांडते आहे. माणसाच्या अंगाला हे सोसतं का गं?

हे सगळं का लिहिते, ते सांगते. तुला कुणी सांगितलं नसेल, दादालाही अर्धंच माहीत होतं. तेवीस वर्षांची असताना मी एका मंडळाला तीन अंकी नाटक लिहून दिलं होतं. पत्रिका छापून आली तेव्हा लेखक म्हणून दुसऱ्याचं नाव होतं. ‘पुढच्या वेळी तुझं घालू’ म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. पुढची वेळ मीच येऊ दिली नाही. घरी येऊन वह्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकल्या. त्यांनी नाव काढलं ते एकदाच, लिहिणं मी कायमचं सोडलं. त्याचा दोष अजून माझ्याकडेच येतो.

तेव्हा विचारत राहा. नाव का गेलं, हे लेखी विचार. रायटर्स असोसिएशनमध्ये नोंद करतेस ना? आपले वकील भाऊजी म्हणत होते, २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, लेखकाच्या रॉयल्टीचा हक्क सही केली म्हणून सुटत नाही. करार त्यांना पाठव, ते वाचतील. आणि झोपतेस किती, ते खरं सांग. चार तास? तीन?

फार बोलले. खरं तर मंगळवारचा भाग बघून मी रडले होते. ती सून सासऱ्यांचा चष्मा उशाखाली ठेवते, तो दादाचा चष्मा होता ना? तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाग संपल्यावर मी कितीतरी वेळ टीव्ही बंद केला नाही.

काकूंचा मुलगा रविवारी परत जातोय, त्याच्याबरोबर लीलो चेवडो आणि मेथीचे लाडू देते आहे. रोज सकाळी एक लाडू खा, रिकाम्या पोटी कॉफी नको. जमलं तर शुक्रवारची रात्रीची गाडी पकड. कॉम्प्युटर आणलास तरी चालेल, वरच्या खोलीत टेबल खिडकीपाशी सरकवून ठेवलं आहे. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. नुसती झोप. अंबामातेच्या आरतीलासुद्धा उठवणार नाही मी.

तुझी
आत्या

ता. क. ट्रंकेची किल्ली सापडली आहे. आलीस की दोघी मिळून उघडू.