रक्तबिंबिकांचा आकार आणि नीलांतील गुठळ्या

रायगडच्या किनारपट्टीवर पावसाळा सुरू झाला की 'पेशी कमी झाल्या' हे शब्द घरोघरी ऐकू येतात. डेंग्यूच्या तापामुळे रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, सामान्य माणसाच्याही परिचयाच्या झाल्या आहेत. तथापि रक्ततपासणीच्या त्याच कागदावर आणखी एक आकडा छापलेला असतो. तो रक्तबिंबिकांच्या सरासरी आकारमानाचा. 'एमपीव्ही' या अक्षरांनी दर्शविलेल्या या आकड्याचा शिरांत होणाऱ्या गुठळ्यांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गांभीर्याने अभ्यासला आहे.

रक्तबिंबिकांचे कार्य

रक्तबिंबिका अस्थिमज्जेतील महाकाय पेशींपासून तयार होतात आणि सुमारे ७ ते १० दिवस रक्तात वावरतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात. त्यांचे आकारमान फेम्टोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे एक कोटी भाग करावेत आणि त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करावेत, म्हणजे एक फेम्टोलिटर होतो. हे सरासरी आकारमान बहुधा ७ ते ११ फेम्टोलिटर भरते. जखम झाली की रक्तबिंबिका तेथे चिकटून रक्तस्राव थांबवितात. मोठ्या आकाराच्या बिंबिकांत गुठळीस साहाय्य करणारी द्रव्ये अधिक असल्याने त्या अधिक क्रियाशील असतात.

नीलांतील गुठळी

हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. पायातील खोल नीलेत गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर काही मिनिटांतही प्राण जाऊ शकतो. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही या विकाराची तीन कारणे मानली जातात. जर्मन वैद्यक रूडॉल्फ व्हर्को यांच्या नावाने ती ओळखली जातात. रोहिणीतील गुठळीत बिंबिकांचा वाटा मोठा, तर नीलेतील गुठळीत फायब्रिनचे जाळे व तांबड्या पेशी यांचा, अशी समजूत दीर्घकाळ होती.

नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील पाहणीने या समजुतीचा फेरविचार करावयास लावले. तेथील २५ हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्ताची तपासणी १९९४-९५ मध्ये झाली व त्यांच्या प्रकृतीची नोंद पुढे अनेक वर्षे ठेवण्यात आली. ज्यांचे सरासरी आकारमान साडेनऊ फेम्टोलिटर वा त्याहून अधिक होते, त्यांच्यात साडेआठहून कमी आकारमान असणाऱ्यांपेक्षा नीलांतील गुठळ्यांचा धोका सुमारे १.३ पट आढळला. उघड कारणाविना झालेल्या गुठळ्यांबाबत तो सुमारे दीडपट होता. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

आकड्याच्या मर्यादा

हा धोका समूहाचा आहे. एखाद्या व्यक्तीचे भाकीत त्यावरून करता येत नाही. पश्चिम बंगाल व आसपासच्या प्रदेशांत जन्मतःच मोठ्या आणि संख्येने कमी बिंबिका असलेली अनेक निरोगी माणसे आढळतात. शिवाय साठविलेल्या रक्तात बिंबिका फुगतात. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या गावातून घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत काही तासांनी पोहोचला, तर आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून केवळ या आकड्यावरून घाबरू नये, तसेच औषधही सुरू करू नये.

खबरदारी

खरी जोखीम अन्यत्र आहे. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ अंथरुणास खिळणे, गर्भारपण व बाळंतपण, कर्करोग, स्थूलता आणि घराण्यात पूर्वी झालेल्या गुठळ्या ही प्रमुख कारणे होत. सलग चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासाने धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७ मध्ये दिसून आले. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्या चाकरमान्यांनी आणि आखाती देशांतून परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वाटेत उतरून थोडे चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पुरेसे पाणी प्यावे. बाळंतिणीने डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर हिंडूफिरू लागावे. तिचे पाणी तोडू नये.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली वा कातडी गरम व लालसर झाली, तर तेल लावून पाय चोळू नये. त्याने गुठळी सुटण्याची भीती असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अकस्मात दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पायाच्या डॉप्लर तपासणीने गुठळीचे निदान होते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी बहुतेक रुग्ण बरे होतात.

गोठण्याच्या आनुवंशिक दोषांचा अभ्यास मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतही झाला आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ही संस्था सुरू झाली. घराण्यात वारंवार गुठळ्या होत असतील, तर असे दोष शोधणाऱ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारावे. बिंबिकांचा आकार हा फार तर एक इशारा आहे. सुजलेल्या पायाकडे वेळीच लक्ष देणे हेच प्राण वाचविणारे ठरते.