थेंबाचें भिंग
(अल्प खर्चांतील निकट छायाचित्रण)



थेंबें थेंबें तळें सांचतें, ही म्हण आपण बालपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्याच थेंबाचें भिंगही होतें, हें थोड्यांच्याच अनुभवास आलें असेल. गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, मुंगीचा डोळा दिसेल असें चित्र घ्यावयास केवढा कॅमेरा लागतो?" त्याचे वडील मासेमारी करतात. घरांत मोबाईल एकच, आणि तोही वडिलांच्या कामाचा. या कार्यासाठीं मुद्दाम बनविलेल्या भिंगास कित्येक हजार रुपये पडतात, हें ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्यास मीं जें उत्तर दिलें, तेंच येथें विस्तारानें देत आहें.

लहान वस्तूचें चित्र घेण्यांत अडचण कोणती? वस्तु कॅमेऱ्याच्या फार जवळ नेली म्हणजे चित्र अस्पष्ट येतें. यावर सोपे उपाय तीन आहेत.

पहिला उपाय थेंबाचा. मोबाईलच्या कॅमेऱ्याची कांच स्वच्छ पुसावी. तिच्यावर काडीच्या टोकानें गोड्या पाण्याचा लहानसा थेंब ठेवावा व मोबाईल हलकेच उलटा करावा. पृष्ठताणामुळें थेंब खालीं न पडतां लोंबत राहतो, आणि त्याचा फुगीर भाग बहिर्गोल भिंगाचें काम करतो. मग वस्तु बोटाच्या रुंदीइतकी जवळ ठेवून, मोबाईल किंचित् वरखालीं करीत चित्र स्पष्ट करावें. कांचेस तडा गेला असल्यास हा प्रयोग करूं नये. समुद्राचें पाणीही वापरूं नये, कारण तें वाळल्यावर मीठ मागें राहतें.

दुसरा उपाय साध्या भिंगाचा. हातांत धरावयाचें भिंग मोबाईलपुढें टेकविलें तरी काम भागतें. चिमट्यानें अडकविण्याचें तयार भिंग कांहीं शें रुपयांत मिळतें. भिंगाची शक्ति डायॉप्टर या मापानें सांगतात. शंभरास त्या अंकानें भागिलें कीं स्पष्ट दिसण्याचें अंतर साधारणतः सेंटिमीटरमध्यें निघतें. ४ डायॉप्टरच्या भिंगाचें २५, तर १० डायॉप्टरच्या भिंगाचें १०.

तिसरा उपाय, ज्यांच्या घरीं सुट्या भिंगाचा कॅमेरा आहे त्यांच्यासाठीं. ५० मिलिमीटरचें भिंग एका स्वस्त कडीच्या साह्यानें उलटें बसवावें. अथवा भिंग व कॅमेरा यांमध्यें पोकळ नळी घालावी. नळींत कांच नसते, म्हणूनच ती स्वस्त असते. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें तितक्याच लांबीची नळी घातली, कीं वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच उमटते. मात्र उलट्या भिंगाची नाजूक बाजू उघडी पडते, हें हर्णेकरांनीं ध्यानांत ठेवावें. खारा वारा आणि वाळू यांत तें नेऊं नये, घरींच वापरावें.

आतां विषय कोणता घ्यावा? नवशिक्यानें फुलपाखरामागें धांवूं नये. आपल्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तेथें पडलेला एखादा मोठा खवला आणून धुवावा, कांचेच्या तुकड्यावर ठेवून खिडकीशीं उभा करावा व कांचेमागें पातळ पांढरा कागद लावावा. मागून उजेड आला कीं खवल्यावर एकांत एक अशा सूक्ष्म वर्तुळरेषा दिसूं लागतात. मासा वाढतो तसा खवलाही कडेनें वाढत जातो. त्या वाढीच्या या खुणा होत. जी वस्तु आपण नित्य झाडून टाकतों, तींत एका जिवाच्या आयुष्याचा हिशेब लिहिलेला असतो!

या कामीं अपयश बहुधा दोन कारणांनीं येतें. जवळून पाहतांना हाताचा अल्प कंपही मोठा होतो. म्हणून तांदूळ भरलेल्या पिशवीचा टेकू घ्यावा. दुसरें असें कीं, एका वेळीं मिलिमीटरभर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून चपटी वस्तु कॅमेऱ्याशीं समांतर ठेवावी, आणि प्राणी असल्यास त्याचा डोळा साधावा. कीटकास टांचणी टोंचून किंवा मारून घेतलेलें चित्र हें चित्र नव्हे. ओहोटीच्या वेळीं पुळणीवर वाळूच्या गोळ्या करणारे इवलेसे खेकडे चाहूल लागतांच बिळांत शिरतात. परंतु निश्चल बसणाऱ्यासमोर ते पुन्हा बाहेर येतात.

१९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं कुंडींत वाटाणा लाविला आणि त्याच्या वाढीचीं चित्रें दिवसेंदिवस घेतलीं. तीं जोडून झालेल्या लघुपटानें त्यांस भांडवलाची वाट मोकळी करून दिली, व १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आरंभ झाला तो एका वाटाण्यापासून!

आमच्या त्या विद्यार्थ्यानें एका रविवारीं वडिलांकडून अर्धा तास मोबाईल मागून घेतला, आणि थेंबाच्या भिंगानें खवल्याचें चित्र टिपलें. वडिलांनीं तें पुष्कळ वेळ न्याहाळलें. "जन्म मासळींत गेला, पण हें कधीं पाहिलें नव्हतें," एवढेंच ते म्हणाले. आतां दर रविवारीं मोबाईल न मागतां मिळतो. मुंगीचा डोळा त्यास अद्याप साधलेला नाहीं. मुंगी थांबत नाहीं. पण तोही थांबलेला नाहीं.