हजचा सफर आणि दुकानाची वही

माझे मरहूम वालिद १९८४ साली हजला गेले, तेव्हा मी शाळेत होतो. घरात सामानाची पेटी अजून आली नव्हती, पण दुकानाची वही महिनाभर आधीच बाहेर निघाली होती. रोज असरच्या नमाजनंतर वालिद वही काखेत घेऊन नगरच्या कापड बाजारात निघत. प्रत्येक पेढीवर बसून एकच प्रश्न विचारत, "माझ्याकडे तुमचे इतके निघतात, तुमच्या वहीत किती आहेत?" आकडे जुळले की पैसे देत किंवा मुदत मागून घेत आणि समोरच्याची सही घेऊन पुढच्या दुकानाकडे वळत.

त्या काळी हाजी मुंबईला साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि तेथून जहाजाने जेद्द्याला जात. त्याहीपूर्वी, निजामशाहीत, आपल्या मुलखाचे बंदर चौल होते. जहाज मोसमी वाऱ्यावर चाले आणि समुद्रावर पोर्तुगिजांचा परवाना लागे. घरी परत येण्याची खात्री कोणी धरत नसे, म्हणून माणूस देणेघेणे मिटवूनच निघे. १९९५ नंतर मुंबईची हजची जहाजे बंद झाली. आता विमान पाच-सहा तासांत जेद्द्याला पोहोचवते. सफर लहान झाला, तशी वही उघडण्याची चालही मागे पडली. मोबाईलवर "काही चूकभूल असल्यास माफ करा" असा एक संदेश सर्वांना पाठवला की काम झाले, असे आपण समजतो. व्यापाऱ्याने आणि कारागिराने हजची तयारी कोठून सुरू करावी, हे या लेखात पाहू.

कर्ज आणि हज

हज ऐपत असणाऱ्यावर फर्ज आहे. ऐपत म्हणजे कर्ज फेडून आणि परत येईपर्यंतचा घरखर्च बाजूला काढून उरलेली रक्कम. गल्ल्यात पैसे दिसतात म्हणून ऐपत होत नाही. त्यातले निम्मे इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या मागवाल्याचे असू शकतात.

सूरह बकरहमध्ये हजचे नियम आहेत. त्याच सूरहची १९८वी आयत हजच्या काळात रोजी कमावण्यास मुभा देते. पुढे २८२वी आयत येते. ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत असून तिचा विषय उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवणे हा आहे. हज आणि वही यांचा संबंध आपल्या दीनमध्ये असा जवळचा आहे. शहीदाचे सारे गुनाह माफ होतात, पण कर्ज माफ होत नाही, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. शहीदाची ही गोष्ट, तर हाजीने आपल्या देण्याविषयी निर्धास्त राहू नये.

तारीख आधी पाहा

आपल्या भागातील पंचांगात दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो, म्हणून दिवाळी आपला ऋतू सोडत नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही. त्यामुळे हज दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो. मी २०१९ मध्ये गेलो, तेव्हा अरफातचा दिवस ऑगस्टमध्ये होता. आपल्याकडे श्रावण होता, लग्नसराई संपली होती आणि दिवाळीचा माल भरायला अवकाश होता. २०२५ मध्ये हाच दिवस ५ जूनला आला. २०२६ मध्ये मे महिन्याच्या अखेरीस, २०२७ मध्ये मेच्या मध्यास आणि २०२८ मध्ये मेच्या आरंभी, असा तो चंद्रदर्शनाप्रमाणे सरकत आहे. हज कमिटीच्या सफरीला साधारण ४० दिवस लागतात आणि बरेच हाजी अरफातच्या आधीच महिनाभर निघतात. म्हणजे या वर्षांत कापडवाल्याची पूर्ण लग्नसराई बाहेर जाते.

यावर उपाय हज पुढे ढकलणे हा नव्हे. फर्ज झालेला हज टाळू नये. जाण्याच्या वर्षी माल कमी भरावा, उधारी आखडती घ्यावी आणि त्या हंगामाची कमाई हिशेबात धरूच नये.

हप्ते कधी येतात

हजची सबसिडी २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून पूर्ण खर्च हाजीचा आहे. २०२५ च्या हजसाठी हज कमिटीचा पहिला हप्ता १,३०,३०० रुपये होता आणि तो ऑक्टोबर २०२४ मध्ये मागण्यात आला. दुसरा १,४२,००० रुपयांचा हप्ता डिसेंबरमध्ये आला. उरलेली रक्कम विमान कोठून धरायचे त्यावर ठरली. ऑक्टोबर म्हणजे दिवाळीचा माल. कापडवाल्याचा सारा पैसा तेव्हा रॅकवर असतो. अशा वेळी हप्त्यासाठी ज्याचे पेमेंट अडवले जाते, तो बहुतेक लहान मागवाला, रंगारी किंवा शिलाईवाला असतो, कारण तो तगादा लावत नाही. हजचा पैसा त्याच्या घरच्या चुलीतून जाऊ नये.

२०२६ च्या हजचे अर्ज तर जुलै २०२५ मध्येच सुरू झाले. तेव्हा हजसाठी वेगळे खाते काढून दोन-तीन वर्षे त्यात भर घालावी. त्या रकमेवर वर्ष उलटले तर जकात लागू होते. तपशील आलिमांना विचारावा.

विमानाचे ठिकाण ठरवतानाही हिशेब करावा. नगरला छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. पण २०२३ मध्ये तेथून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, जाण्याचा खर्च मुंबईपेक्षा सुमारे ८८,००० रुपयांनी जास्त होता. दर वर्षीचे दर पाहूनच फॉर्मवर ठिकाण लिहावे.

तीन याद्या

वालिदांची पद्धत मी पुढीलप्रमाणे वापरली.

पहिली यादी देण्याची. मोठ्या पार्ट्या आपोआप आठवतात. लहान रकमा मुद्दाम शोधाव्यात : हमाल, टेम्पोवाला, शिलाईवाला, काम सोडून गेलेला नोकर, बहिणीचा वारसा, बायकोचा न दिलेला मेहर.

दुसरी यादी अमानतीची. कोणी ठेवायला दिलेले दागिने, भिशीचे पैसे, मशिदीचा चंदा, गिऱ्हाइकाचा इसार.

तिसरी यादी येण्याची. आपले कोणाकडे किती निघतात, हे वारसांना कळले पाहिजे. यादीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ती वसीयतनाम्यासोबत घरी ठेवावी.

पहिल्या यादीने मला जो धडा दिला, तो सांगतो. २०१९ मध्ये जुन्या वह्या चाळताना एका शिलाईवाल्याच्या खात्यावर ६,४०० रुपये शिल्लक दिसले. तो आमच्याकडे परकर शिवून देत असे. तीन वर्षांपूर्वी त्याचा इंतकाल झाला होता आणि खाते तसेच बंद पडले होते. त्याची बेवा नगरमध्येच राहते, हे शोधायला दोन दिवस लागले. पैसे घेऊन गेलो तर ती दारातच घाबरली. नवऱ्याने आमच्याकडून उचल घेतली असेल आणि ती मागायला मी आलो, असे तिला वाटले. याच भीतीने तीन वर्षे ती आमच्या दुकानावरून जात नव्हती. बाजारात यायचे तर मागच्या गल्लीने येई. देणेकरी मी होतो आणि तोंड ती लपवत होती. वही उघडली नसती, तर हा बोजा घेऊन मी तवाफ केला असता आणि मला कळलेही नसते.

दुकान कोणाच्या हाती

मुलाला किंवा भावाला किल्ली देऊन भागत नाही. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्यांना दर महिन्याच्या ११ आणि २० तारखा चुकवून चालत नाही आणि त्याचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर येतो. जाण्यापूर्वी पोर्टलवर दुसरा अधिकृत सहीवाला नोंदवावा आणि कर सल्लागाराची गाठ त्याच्याशी घालून द्यावी. बँकेत सहीचा अधिकार लेखी द्यावा.

पुढील तारखांचे चेक देऊन जाऊ नये. चेक परतला आणि नोटीस दुकानावर पोहोचली, तर रक्कम भरायला १५ दिवसच मिळतात. तुम्ही मिनामध्ये असताना ते निघून जातील आणि परतल्यावर कोर्टाची तारीख पडेल.

टूरवाल्याशी व्यवहार

खासगी टूरने जाणाऱ्यांनी २०२५ चा प्रकार लक्षात ठेवावा. भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी सुमारे ५२ हजार जागा खासगी टूरवाल्यांच्या होत्या. सौदीतील करार आणि पैसे वेळेत पूर्ण न झाल्याने त्यातल्या बहुतेक जागा गेल्या. शेवटी १० हजार जणांना परवानगी मिळाली. पैसे भरून बसलेले हजारो लोक घरीच राहिले. टूरवाल्याची त्या वर्षाची सरकारी नोंदणी पाहावी, रक्कम बँकेतून द्यावी आणि सफर रद्द झाल्यास पैसे कधी परत मिळतील ते लिहून घ्यावे. माल घेताना आपण पावतीशिवाय पैसे देत नाही, मग येथे का द्यावेत? भेटीच्या व्हिसावर हजला नेणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये. २०२४ च्या उष्णतेत १,३०० हून अधिक लोक दगावले आणि त्यातले बहुतेक परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना तंबूही नव्हता आणि बसही नव्हती.

कारागीर बांधवांसाठी

शिंपी, सुतार, गवंडी, फिटर यांचे दुकान म्हणजे त्यांचे हात. ते ४० दिवस थांबले की कमाईही थांबते. म्हणून हजच्या खर्चात घरचा दोन महिन्यांचा खर्च आधी धरावा. हाती घेतलेले काम पुरे करावे किंवा इसार परत द्यावा. अर्धे शिवलेले कापड कपाटात ठेवून जाऊ नये. २०२६ साठी हज कमिटीने सुमारे २० दिवसांचा छोटा कार्यक्रमही ठेवला. रोजावर पोट असणाऱ्याने अशी सोय आहे का, ते फॉर्म भरताना पाहावे. उमरा थोड्या दिवसांत व कमी पैशांत होतो, पण त्याने हजचा फर्ज उतरत नाही. कापडवाल्याने आणि शिंप्याने रमजानच्या उमऱ्याची नियत करताना ईदच्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही आठवावा.

एहराम, पट्टा आणि बॅग नगरच्या बाजारात एका तासात मिळतात. वही जुळवायला महिने लागतात. ज्यांचा फॉर्म पुढच्या वर्षी भरायचा आहे, त्यांनी आज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी सर्वांत जुनी वही खाली काढावी आणि जी माणसे तगादा लावत नाहीत, त्यांची नावे आधी लिहावीत.