एक दिवस गोष्ट लिहिण्याचा

(गोष्ट वाचायला सर्वांनाच आवडते. ती लिहावी कशी, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ ठेवा.)

विद्यार्थी मित्रांनो, गोष्ट ऐकली नाही असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात एकही नसेल. दादीने, नानीने सांगितलेल्या गोष्टी तुम्हांला आजही आठवत असतील. पण 'तू एक गोष्ट लिही' असे कोणी म्हटले, की आपण लगेच नकार देतो. 'माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय घडले आहे?' असे एकाला वाटते. 'माझी मराठी चांगली नाही,' असे दुसरीला वाटते. या दोन्ही शंका आज बाजूला ठेवा. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, तसेच लिहिल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून सुट्टीच्या एका दिवशी तुमच्या वर्गातच कथालेखनाची कार्यशाळा भरवा. कार्यशाळा म्हणजे भाषण ऐकण्याची जागा नव्हे. तेथे प्रत्येकाला स्वतः काम करावे लागते. वही, पेन्सिल आणि दुपारचा डबा एवढे सामान पुरे.

सकाळच्या पहिल्या तासाला गोष्ट लिहायची नाही. फक्त पाहिलेले लिहायचे. आपले घर, आपली गल्ली किंवा आपले दुकान यांपैकी एक जागा निवडा. दहा मिनिटे न थांबता लिहा. एकच अट पाळा. 'सुंदर', 'छान', 'खूप' हे शब्द वापरू नका. डोळ्यांना काय दिसले, कानांना काय ऐकू आले, नाकाला कसला वास आला, तेवढेच लिहा. 'आमच्या गल्लीत खूप आवाज असतो,' हे वाक्य कोणीही लिहील. 'आमच्या गल्लीत यंत्रमाग चालू असले, की शेजारी बसलेल्या भावालाही ओरडून हाक मारावी लागते,' हे वाक्य मात्र मालेगावचा किंवा भिवंडीचा मुलगाच लिहील. वाचणाऱ्याला तो आवाज ऐकू येतो.

अण्णा भाऊ साठे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १९२० साली सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. त्यांना शाळेत फारसे शिकता आले नाही. मुंबईत त्यांनी मोलमजुरी केली. पण त्यांनी माणसे जवळून पाहिली होती. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि ती आजही वाचली जाते. लिहिण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, असे म्हणण्यापूर्वी त्यांची आठवण करा.

दुसऱ्या तासाला एक माणूस निवडा. त्याला काय हवे आहे आणि ते मिळण्यात कोणती अडचण आहे, हे दोन वाक्यांत लिहा. ही दोन वाक्ये जमली, की गोष्टीचा पाया तयार झाला. मुन्शी प्रेमचंद यांची 'ईदगाह' ही कथा पाहा. लहानग्या हामिदजवळ फक्त तीन पैसे आहेत. जत्रेत खेळणी आहेत, मिठाई आहे. पण भाकरी भाजताना दादीची बोटे पोळतात, हे त्याला आठवते. शेवटी तो दादीसाठी चिमटा घेतो. या कथेत राजा नाही, राक्षस नाही, लढाई नाही. एक मुलगा आहे, तीन पैसे आहेत आणि एक निवड आहे. प्रेमचंदांनी लिहायला सुरुवात उर्दूत केली आणि पुढे ते हिंदीतही मोठे लेखक झाले. दुसऱ्या भाषेत लिहिणे म्हणजे आपली भाषा सोडणे नव्हे, हेही त्यांच्याकडून शिकावे.

आता आपण मिळून एक गोष्ट रचू या. समजा, सलमा नावाची एक मुलगी आहे. घरात मराठी वाचता येणारी ती एकटीच. दादीला सरकारकडून दरमहा थोडे अनुदान मिळते. दादी त्याला 'माझा पगार' म्हणते. एक दिवस कचेरीतून पत्र येते. सलमा मोठ्याने वाचते, '३१ तारखेपर्यंत हयातीचा दाखला सादर करावा, अन्यथा अनुदान बंद करण्यात येईल.' 'तारीख', 'हयात', 'दाखला' हे शब्द तर तिच्या घरातलेच! पण 'अन्यथा' या शब्दाशी ती अडते. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत असतात. मला कळले नाही, असे म्हणायची तिला लाज वाटते. ती म्हणते, "काही विशेष नाही. एक दाखला द्यायचा आहे. देऊ सावकाश." पत्र पेटीत जाते.

पाहा, किती लहान गोष्ट! पण आता तुम्हांला पुढे काय झाले, हे जाणून घ्यावेसे वाटते की नाही? सलमाला घरात मान हवा आहे. एक शब्द तिच्या आड आला आहे. आणि दादीचा पगार धोक्यात आहे.

जेवणानंतरचा तास संवादांचा. सगळी माणसे एकसारखी बोलत नाहीत. कचेरीतले पत्र एका तऱ्हेने बोलते, दादी दुसऱ्या तऱ्हेने. 'माझ्या हयातीचा पुरावा मी सादर करावा काय?' असे दादी कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, "बेटा, मी जिवंत आहे हे त्यांना कागदावर लिहून द्यायचं? मी समोर जाऊन उभी राहते ना!" संवाद लिहिला, की तो मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, तर वाक्य बदला. 'बेटा', 'अम्मी', 'दुआ' असे घरातले शब्द मराठी गोष्टीत आले तर बिघडत नाही. 'कागद', 'अर्ज', 'मुदत' असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत कायमचे राहिले आहेत.

चौथ्या तासाला शेवट लिहायचा. येथे पुष्कळ जण घाई करतात. 'तेवढ्यात एक दयाळू अधिकारी आला आणि त्याने सर्व ठीक केले,' असा शेवट सोपा असतो, पण खरा वाटत नाही. ज्याची अडचण, त्यानेच पाऊल उचलले पाहिजे. काही दिवसांनी बाई फळ्यावर 'अन्यथा' हा शब्द लिहितात आणि त्याचा अर्थ सांगतात, 'नाहीतर'. सलमाच्या हातातली पेन्सिल थांबते. त्या दिवशी ३० तारीख असते. ती धावत घरी येते. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एखादा बहाणा करून दादीला कचेरीत न्यावे, किंवा खरे सांगावे. तुम्ही कोणती वाट निवडाल? वाचन क्षणभर थांबवा आणि आपला शेवट वहीत लिहा.

आमच्या गोष्टीत सलमा दादीजवळ बसते. थोडा वेळ गप्प राहते. मग म्हणते, "दादी, त्या पत्रातला एक शब्द मला कळला नव्हता." दादी तिच्या पाठीवर हात ठेवते. "तुला एक कळला नाही, मला तर एकही कळला नव्हता. चल, उद्या लवकर निघू." गोष्ट येथेच थांबते. 'म्हणून नेहमी खरे बोलावे,' असे खाली लिहायची गरज नाही. ते वाचणाऱ्याला आपोआप समजते.

शेवटचा तास वाचनाचा. मराठीत कथाकथनाची चांगली परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे लेखक आपल्या कथा लोकांसमोर सांगत आणि लोक त्या तल्लीन होऊन ऐकत. तुम्हीही दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगाव्यात : कोठे कंटाळा आला आणि कोठे समजले नाही. चुकीच्या शब्दाला हसू नये. लिहिणाऱ्याने वाद घालू नये. पेन्सिलीने खूण करावी. मग घरी जाऊन ती वाक्ये पुन्हा लिहावीत. नको असलेली वाक्ये खोडताना वाईट वाटते, पण त्यामुळे गोष्ट स्वच्छ होते.

मित्रांनो, संध्याकाळी तुमच्या वहीत एक गोष्ट असेल. ती लहान असेल, तिच्यात चुकाही असतील. पण ती तुमची असेल. लिहिताना एखादा मराठी शब्द अडला, तर सलमासारखे पत्र पेटीत ठेवू नका. विचारा आणि पुढे लिहा.

शब्दार्थ
कार्यशाळा – प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा वर्ग
अनुदान – सरकारकडून मिळणारी पैशांची मदत
हयात – जिवंत असणे
सादर करणे – पुढे ठेवणे, देणे
अन्यथा – नाहीतर
तल्लीन – रमलेला

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हामिदजवळ किती पैसे होते?
(आ) सलमा कोणत्या शब्दाशी अडली?
(इ) ऐकणाऱ्याने कोणत्या दोन गोष्टी सांगाव्यात?
२. सलमाने पत्राचा पूर्ण अर्थ का सांगितला नाही? चार-पाच ओळींत लिहा.
३. 'अन्यथा' हा शब्द वापरून दोन वाक्ये तयार करा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.
५. उपक्रम : तुमच्या घरी आलेले एखादे मराठी पत्र मिळवा. ते घरातील मोठ्यांना वाचून दाखवा आणि त्याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगा.